मधल्या मशीनवरचा माणूस

हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, पण समजूतदार चेहरा करून बसू नकोस — मला तो चेहरा सहन होत नाही.

इंटरनेट घरोघरी येण्याआधी ईमेल टप्प्याटप्प्यानं जायची. एक कॉम्प्युटर दुसऱ्याला फोन लावायचा, दुसरा तिसऱ्याला. पत्त्यात सगळी वाट आपणच लिहायची — कुणामार्फत, कुठवर. मुंबई आणि खाडीपलीकडचं कॉलेज यांच्या मधे चौलचं आमचं कॉम्प्युटर केंद्र होतं. तिथलं मशीन माझ्या ताब्यात. आणि कॉलेजात होते म्हात्रे मास्तर.

म्हात्रे मला आवडत नसत. छे, कसले सौम्य शब्द! डोक्यात जायचे. एकदा चारचौघांत म्हणाले, "ह्यो काय करतो? आलेलं टपाल फुडं ढकलतो!" सगळे हसले. मीही हसलो — तेच जास्त झोंबलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीची, वैशालीची, परदेशातून मेल आली. मधल्या माणसाला सगळं वाचता यायचं. वाचायचं नाही, हा आमचा रिवाज. मी वाचली. 'बाबा, मी इथेच लग्न करतेय. फोनवर बोलायची हिंमत नाही. रागावला नसाल तर एक ओळ लिहा. नाही आली, तर मी समजून जाईन. पुन्हा त्रास देणार नाही.'

मी काय केलं असेल? पुसून टाकली. वाटेत मेल हरवली तर पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नसे — हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हात्रे होडीनं खाडी ओलांडून विचारायला यायचे. "आली का रं पोरीची मेल?" मी म्हणायचो, नाही. "तिनं लिवायचं न्हाय, तं मी कशाला लिवू?" असं पुटपुटत चहा न घेता निघायचे. मला काय वाटायचं? बरं वाटायचं. अगदी मनापासून.

पुढे इंटरनेटच्या थेट लाइनी आल्या. मधली केंद्रं एकेक करून बंद पडली, आमचंही. त्या गोंधळात पुष्कळांच्या मेल हरवल्या, असं लोक बोलू लागले. मला आयतं पांघरूण मिळालं.

म्हात्रे यंदा गेले. बाराव्याला वैशाली आली होती, केस पिकलेले. म्हणाली, "काका, तुमचं केंद्र तेव्हाच बंद झालं ना? माझी मेल तिथेच अडकली असणार. नाहीतर बाबांनी एक ओळ तरी लिहिली असती."

"हो," मी म्हणालो.

बाबांचे जुने स्नेही म्हणून ती माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.