पुलाची मागणी

आमच्या खासदारांची भाषणं मीच हिंदीत लिहून द्यायचो. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून ते वाचत. बोरी गावाजवळच्या ओढ्यावर पूल नाही, म्हणून पुरात अडकून बाळंतपणात अडलेली एक बाई दगावली. त्यावरचं भाषण वाचून ते थांबले.

"मास्तर, ह्याच्यात तिचं नाव का न्हाई?"

मी नाव घातलं. संसदेत वेळ संपला, माईक बंद झाला, तरी ते नाव उच्चारूनच खाली बसले.

दिल्लीहून परतल्यावर ते थेट तिच्या सासूकडे गेले. मी सोबत होतो.

"पूल व्हईल का, साहेब?"

"सांगता येत न्हाई, माय. मी बोललो, पण कुणी उत्तर दिलं न्हाई."

त्यांनी मान खाली घातली. असं कबूल करणारा पुढारी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मंग परत बोला," म्हातारी म्हणाली आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला.