बाबांनी साफ केलेली जाळी

मी मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये राहतो आणि ऑफिसात नोकरी करतो. आईबाबा आणि मोठा भाऊ गावी, तारोडीच्या घरी असतात. मासेमारीची बोट बाबांची, पण बरीच वर्षं दादाच चालवतोय. इंजिनाची देखभाल तेवढी बाबांनी स्वतःकडे ठेवली होती. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दादाचा खलाशी गावी गेला, म्हणून त्यानं मला बोलावलं. बाबाही बरोबर आले.

सकाळी किनारा सोडून थोडं पुढे गेलो आणि करपलेल्या रबराचा वास आला. पाठोपाठ इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. दादानं काठावरून वाकून पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"पाणी पडत न्हाय," तो म्हणाला.

आमच्या इंजिनाला थंड ठेवायला दोन प्रकारचं पाणी लागतं. गोडं पाणी आतल्या आत फिरून इंजिनाची आग ओढून घेतं. खारं पाणी बोटीच्या तळातून येतं, जाळीत गाळलं जातं आणि पंप ते कूलरमध्ये ढकलतो. तिथे दोन्ही प्रकारचं पाणी एकमेकांत न मिसळता नळ्यांच्या आतून-बाहेरून जातं. गोडं पाणी निवतं, तापलेलं खारं पाणी बाजूच्या पाइपातून परत समुद्रात पडतं. ती धार थांबली की इंजिन तापलंच. हे मला बाबांनीच शिकवलेलं.

जाळीत प्लास्टिक अडकलं असेल, असं आम्हाला वाटलं. दादा खाली उतरला. जाळी लख्ख होती. तळातून पाणी आत सोडणारा कॉकच बंद होता. आदल्या संध्याकाळी बाबांनी कॉक बंद करून जाळी धुतली होती आणि तो परत उघडायचा राहून गेला होता. पाणीच न मिळाल्यानं पंपातला रबरी पंखा जळून गेला होता.

मी मागे वळलो तर बाबा हातात फडकं घेऊन गोड्या पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवायला लागले होते.

"बाबा, नको!" दादानं त्यांचं मनगट धरलं.

"सोड. पाणी घालाला पायजे."

"गरम हाय! सगळी वाफ तोंडावर येल!"

गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हे आम्हाला दरडावून सांगणारा माणूस दादाच्या हाताकडे नुसता बघत राहिला. मग त्यांनी विचारलं, "कॉक कोनी बंद केला?"

"तुम्हीच," दादा म्हणाला. "काल जाळी साफ केलीत ना?"

"काल मी बोटीवर आलोच न्हाय."

ते खोटं बोलत नव्हते. चेहऱ्यावर ना ओशाळलेपण होतं, ना राग. मी घाबरलो तो त्यामुळे.

इंजिन निवेपर्यंत बोट वाहवत राहिली. दादानं पंखा बदलला, पाइपात अडकलेले रबराचे तुकडे चिमट्यानं काढले. इंजिन सुरू झालं, धारही पडायला लागली, पण जाळं न टाकताच आम्ही परतलो.

नंतर बाबांना मीरा रोडच्या डॉक्टरांकडे नेलं. कुठला महिना चालू आहे ते त्यांना सांगता आलं नाही. हे विसरणं वाढत जाणार, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून बाबा उठायच्या आत दादा बोट घेऊन निघतो. घरी सांगतो, बोट दुरुस्तीला आहे.

"खरं सांगून टाक ना त्यांना," मी एकदा म्हटलं.

"तू सांग. तू रविवारचा येतोस, सोमवारी तुझं ऑफिस. त्यांच्याबरोबर हितं ऱ्हायचंय मला."

मागच्या रविवारी मी सांगितलं. ओट्यावर बाबांच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "बाबा, आता तुम्ही बोटीवर जायचं नाही. तब्येत साथ देत नाही."

ते "बरं" म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, झालं एकदाचं.

सोमवारी मी ऑफिसला निघत होतो, तेव्हा दादाचा फोन आला. बाबा पहाटेच, त्याच्याही आधी, तयार होऊन किनाऱ्यावर पोचले होते आणि निघायला उशीर का होतोय, असं त्याला विचारत होते.