अण्णांची पिवळी रेघ

अण्णांनी विलासच्या मोटारसायकलची पेट्रोलची नळी दोन बोटांत वाकवली. वाकवलेल्या जागी बारीक भेगा उघडल्या. त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि इंजिन चौकटीला धरून ठेवणाऱ्या नटाला पाना लावला. नट जोर न लावताच फिरला.

"बघितलंत? नट ढिले करतो, पेट्रोल काढतो. गणपतच," विलास म्हणाला.

गणपत वाघमारे जवळच उभा होता. डोलवीला आमच्या कंपनीबाहेरचा मोटारसायकल स्टँड तो राखायचा. पलीकडच्या आदिवासी वाडीवरचा. घरात पगार आणणारा तो एकटाच. दसऱ्यानंतर कितीतरी जणांच्या गाड्यांत पेट्रोल टिकेना, नटही हलू लागले. गणपतला काढून टाका असं स्टँडच्या ठेकेदाराला सांगायचं विलासने ठरवलं होतं. पहिली पाळी सुटलेली असल्यामुळे त्याच्यामागे माणसंही होती.

"गणपत, माझा तुझ्यावर संशय हाय," अण्णा म्हणाले.

गणपतने मान खाली घातली.

"विलास, तुझ्यावरपन हाय. गाडी कशानं धुतलीस?"

"डिझेलनं. खंडेनवमीला सगलेच धुतात."

"रबराला इचारलं व्हतंस?"

श्री. बाळाराम ठाकूर, म्हणजे आपले अण्णा, यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो तेव्हा हाच प्रसंग आधी आठवला. त्यांची माझी ओळख मात्र त्याच्या बरीच आधीची. मराठी घेऊन एम.ए. झालेला मी रोह्याहून कंपनीच्या टाइम ऑफिसात रुजू झालो, त्या दिवशीची. मी खुर्चीत बसणार तेवढ्यात सुरक्षा विभागाचे एक पर्यवेक्षक आत आले. त्यांनी ती खुर्ची उलटी केली, चारही पाय हलवून पाहिले आणि मग बसायला सांगितलं. आधीचे साहेब पडले होते का, असं मी विचारलं. "नाय. तेचीच वाट बघायची काय?" म्हणाले आणि गेले. तेच अण्णा.

अण्णांचा कशावरच विश्वास नाही, असं कंपनीत सगळे म्हणत. ते खरं आहे. पण त्यांच्या संशयाला क्रम होता. आधी यंत्र, मग रस्ता, मग स्वतःचा हात, आणि माणूस सगळ्यात शेवटी. आपल्यापैकी बहुतेकांचा क्रम उलटा असतो.

माझी पत्नी गरोदर असताना मी तिला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेतो, हे त्यांना कुठून तरी कळलं. पुढच्या रविवारी ते न सांगता रोह्याला दारात हजर. ब्रेक ऑइलची नळी त्यांनी हातभर लांबीत चाचपली. हँडल वळलं की ती पत्र्याला घासत होती, आतला थर दिसू लागला होता. नवी नळी ते पेणहूनच घेऊन आले होते. चहा त्यांनी अर्धाच घेतला. साखरेचा संशय आला असावा. पत्नीला म्हणाले, "गो पोरी, हा पुस्तकं वाचतो. गाडीकडं तूच बघत जा."

या सत्काराचं कळवायला मी फोन केला, तेव्हाही त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कोणाचं काय काम अडलंय, हा.

त्या दिवशी स्टँडवर त्यांनी गणपतची बाजू घेतली नाही. विलासला वाटत होतं, ते त्याला पाठीशी घालतायत. गणपतला वाटत होतं, ते साहेबलोकांतलेच. अण्णांची सासुरवाडी जोहे. तिथल्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यातून पितांबराचा उरलेला पिवळा रंग आणि बारीक कुंचला ते आणून ठेवत. विलासच्या गाडीचे सगळे नट त्यांनी घट्ट केले आणि प्रत्येक नटावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत एक सरळ पिवळी रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटणार. स्वतःच्या गाडीवरही तशाच रेघा काढल्या. त्यांची गाडी नेहमी साध्या पाण्याने धुतलेली. कंपनीची काळी धूळ पाण्याने जात नाही, म्हणून ती कळकटच दिसायची.

मग विलासला सांगितलं, ही नळी आज बदलायची नाही. गाडी निडीला तुझ्या घरी ने, रात्री घरात चुलीपासून लांब ठेव, कडी लाव आणि किल्ली उशाशी ठेव. स्वतःची गाडी मात्र रात्रभर स्टँडवर, गणपतच्या हाती सोडली आणि ते एसटीने पेणला गेले. जाताना गणपतला म्हणाले, "रेघ तुटली तर मी सोता ठेकेदाराकडं येनार." गणपत व्हय म्हणाला. त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

डिझेलने रबर फुगतं आणि मग भेगाळतं. ते नटाच्या आट्यांत मुरलं की नट गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो. अण्णांना हे ठाऊक होतं. पण सांगून पटणार नाही, हेही ठाऊक होतं. आपल्याच म्हणण्यावर संशय घेऊन ते थांबले. इतकी वर्षं त्यांच्यासोबत काढून मी शिकलो ते एवढंच, आणि तेही मला रोज जमत नाही.

आता अण्णांनी हाच संशय स्वतःच्या गुडघ्यांवर, रक्तदाबावर आणि डॉक्टरांवरही ठेवावा. कुठे काही सैल वाटलं तर वेळेवर आवळावं. असे ते आणखी खूप वर्षं धडधाकट राहोत, आणि सत्काराच्या दिवशी मंचावरची खुर्ची आधी उलटी करून बघोत. तिथे कोणी हसू नये, ही विनंती.

विलासच्या गाडीचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या गाडीवरच्या सगळ्या रेघा जशाच्या तशा होत्या. विलास निडीहून आला तेव्हा त्याच्या गाडीच्या इंजिनाच्या नटावरची रेघ तुटलेली होती, आणि घरात गाडीखाली पेट्रोलचा ओला डाग पडला होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. मग त्याने गाडी स्टँडवर लावली आणि किल्ली गणपतच्या हातात दिली.