रुमालाखालचा हात

बारामतीच्या मार्केट यार्डात मी गाळा उघडत होतो, तेवढ्यात तात्यांचा पुतण्या आला. "नाना, तात्या गेलं," एवढंच बोलला. तात्यांचा गाळा माझ्या समोरच. आम्ही दोघेही गुळाचे अडते. महिना होऊन गेला, तरी मी अजून दोन चहा सांगतो...

आमच्याकडे गुळाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरून बोटं दाबायची. सौदा चालू असेपर्यंत हात सोडायचा नाही; मधेच सोडला, तर सौदा फिसकटला. इंदापूरच्या एका व्यापाऱ्याशी तात्यांचं जमिनीवरून हाडवैर. दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत, पण रुमालाखाली हात रोज मिळायचे. एवढ्या भांडवलावर तात्या जगाचं राजकारण सांगत, आणि ऐकायला मी होतोच.

अठ्ठ्याण्णव साली आपण आणि पाकिस्ताननं, दोन्ही देशांनी अणुस्फोट केले, जगानं दोघांनाही वाळीत टाकलं. त्याच सुमारास पाकिस्तानची साखर रेल्वेनं आपल्याकडं येऊ लागली. माळेगावकडचे ऊसवाले खवळले. तात्या मात्र खूश! "येऊ द्या की. आपल्या गिऱ्हाइकावर कोन बाँब टाकतंय? नाना, माजं एकुलतं एक पोरगं तितं फौजेत, शिमेवर बरफात हुबं हाय. धंदा चालू ऱ्हायला, तर त्ये घरी यील."

"तात्या, साखर इकनारे येगळे आन् बंदूक धरनारे येगळे," मी म्हणालो. त्यावर ते माझ्याशी बोलेनासे झाले. रुमालाखाली हात मात्र घालत होते.

मग कारगिल पेटलं. पोरगा तिरंग्यात गुंडाळून आला. सरणापाशीच कुणीतरी मागून म्हणालं, "आता घाला म्हनावं त्येंची साखर चहात." तात्यांनी ऐकलं. त्या माणसाचं थोबाड फोडावंसं मला वाटलं. तात्यांचं चुकलं होतं का? साखर तर आली होती, आणि पोरगं गेलंच.

तात्या पुन्हा लिलावाला आले नाहीत, नुसते गाळ्यावर बसून माझ्याबरोबर चहा घेत. पुढं अर्धांगानं वाचा गेली. दवाखान्यात शेवटचा भेटलो, तर त्यांनी चांगल्या हातानं माझा हात चादरीखाली ओढून घेतला. मी सवयीनं बोटं ओळखू लागलो. पण ती कसलाच भाव सांगत नव्हती, नुसती घट्ट धरून होती.

"तात्या, अजूनबी सौदा चालूच हाय?" मी विचारलं.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात काही त्यांनी सोडला नाही. भेटीची वेळ संपली, तेव्हा नर्सनं एकेक बोट उकलून तो सोडवला.