खाटेवरची पिशवी

कोळवणात कुजबुज अशी होती, की गोजराबाईनं म्हातारपणी घरात हातभट्टी लावलीय. पुरावा भक्कम होता. शेजारच्या बानूबाईला खिडकीतून रबरी नळी दिसली, पिवळ्या पाण्यानं फुगलेली पिशवी दिसली, आणि गोजराबाईचा नवरा भिवाजी भरदुपारी खाटेवर बरळताना ऐकू आला. बानूबाईचं काय सांगावं! दुसऱ्याच्या ताटातलं मीठ तिला इथून कळतं.

भिवाजीनं तीस वर्षं ग्रामपंचायतीच्या टाकीवरून गावाला पाणी सोडलं. प्रोस्टेट वाढून त्याची लघवी अडली, तेव्हा दवाखान्यात नळी घातली. महिन्यानं बदलायला या म्हणाले. पण पिशवी घेऊन एसटीत बसायचं म्हणजे गावभर वरात. तो काही उठेना. कुणी आलं की गोजराबाई पिशवी उचलून गोधडीत, त्याच्या कुशीशी लपवायची. असे अडीच महिने गेले. ताप आला, गोळ्यांनी उतरला, पुन्हा चढला. तिसऱ्या खेपेला तो बायकोलाही ओळखेना. टाकी भरली, व्हॉल बंद कर, एवढंच घोकत राहिला.

मग मात्र तिनं लाज गुंडाळून ठेवली. पिशवी हातात धरून भर चौकात त्याला जीपमध्ये घातलं.

दवाखान्यात नम्रता सिस्टरनं जुनी नळी काढून दाखवली. आतून-बाहेरून बुळबुळीत, खरखरीत. जंतू नळीवर थर धरतात आणि त्याच्याआड दडतात, तिथं औषध नीट पोचत नाही, असं तिनं समजावलं. शिवाय पिशवी उंच ठेवली की लघवी उलटी आत जाते, म्हणून दटावलंही. नवी नळी, इंजेक्शनं, आणि तिसऱ्या दिवशी भिवाजी शुद्धीवर.

गोजराबाईनं सगळं सांगितलं, तेव्हा तो कसनुसा हसला.

"शेवाळ धरलेला पाइप औषध वतून साफ व्हतोय व्हय? बदलावाच लागतो. गावाला शिकवलं, आन् सोताचा ठिवला तसाच."

"पाइपाचं ऱ्हाऊ द्या. मला वळखलं न्हाई तुमी."

"मंग व्हॉल बंद कर म्हनून कुनाला सांगत व्हतो? चावी तुझ्याबिगर कुनाच्या हातात दिलीया कधी?"

तिनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

आता पिशवी खाटेखाली, सगळ्यांदेखत टांगलेली असते. नळी बदलायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात गोल करून ठेवलीय. बानूबाई येते, चहा पिते, पिशवीकडे बघणं टाळते.

गोजराबाईच्या घरात दारू कधीच नव्हती. पिशवीत भिवाजीची लघवी होती.