आजीने सोडलेला चहा

माझी आजी देवावर जितका विश्वास ठेवायची, तितका मी कोणावरच ठेवत नाही. देवावर तर नाहीच. पण हे तिच्यापुढे बोलायची माझी टाप नव्हती.

ती एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. प्रत्येक शर्टाबरोबर शर्टवाल्यासाठी देवाकडे शब्द टाकायची. "मुलाखतीचा शर्ट आहे, याला नोकरी लागू दे." एका ढेरपोट्या गिऱ्हाइकासाठी तर म्हणायची, "देवा, याला सुबुद्धी दे, नाहीतर माझ्या बटणाला बळ दे."

देवाच्या खालोखाल तिचा जीव चहावर. दिवसाला सात कप. आजोबा म्हणायचे, हिला कापलं तर रक्ताऐवजी चहाच निघेल.

बाबा नऊ वर्षांचे असताना तापाने फणफणले. सहाव्या दिवशी आजीलाही ओळखेनात. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काढले तर वाचेल. आजी दवाखान्याच्या बाकावर बसली आणि देवाला म्हणाली, "पोरगा दे, चहा घे."

आजोबांनी हळूच सुचवलं, "अगं, कारलं सोड की. नाहीतरी तुला आवडत नाही."

"नावडतं देऊन त्याला गंडवू?" आजी कडाडली. "पोरगा आहे माझा, कारल्याच्या भावात नाही मिळायचा."

बाबा वाचले. डॉक्टरांच्या मते औषधाने. आजीने डॉक्टरांना हात जोडले आणि चहाही सोडला. उगाच कुणाची नाराजी नको.

पहिले पंधरा दिवस घर तिला टरकून होतं. डोकं ठणकायचं, भांडी आदळायची आणि मध्येच ती देवाला सुनावायची, "तुझं बरंय रे, तुला कसली तलफच नाही." दुकानात मास्तर चार वाजता मुद्दाम बशी पुढे सरकवायचे. "घ्या हो काकू घोटभर. देव काय इथं बघायला येतोय?"

"तुम्ही गिऱ्हाइकाचं कापड ढापता ते बघतो, मग माझा चहा नाही दिसायचा?"

मास्तरांनी पुन्हा आग्रह केला नाही.

वासाची सूट मात्र तिने परस्पर घेतली होती. घरातला चहा तीच करायची, आणि पातेल्यावर जरा जास्तच वेळ वाकून उभी राहायची. ते बघून मला तिचा राग यायचा, कीवही यायची. कॉलेजात गेल्यावर मी अक्कल पाजळली, "आजी, बाबा काय तुझ्या चहामुळे जगतायत?"

"नसतीलही," ती शांतपणे म्हणाली. "पण खात्री करून बघायला मला दुसरा मुलगा नाही."

मी कप विसळायला गेले.

ब्याऐंशीव्या वर्षी तिने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आता काही पथ्य नको, हवं ते द्या. बाबांनी जन्मात पहिल्यांदा स्वतः चहा केला, बशीत ओतला, फुंकर घालून तिच्या ओठांशी नेला.

"आई, बावन्न वर्षं झाली. रिटायरसुद्धा झालो मी. आता तरी घे."

आजीने पांघरुणातून हात काढून त्यांच्या कपाळाला लावला.

"अंगात ताप नाही ना?"

"नाही गं."

"बरा आहेस ना?"

"अगदी ठणठणीत."

"मग विषाची परीक्षा कशाला बघायची? तूच पी."

बाबा बशी हातात धरून लहान मुलासारखे रडायला लागले.

"रडतोस काय," आजी म्हणाली, "गार होतोय तो."