वायर मी जोडली

शाईचं पॅड त्यानं काचेच्या टेबलावरून माझ्याकडं सरकवलं. हातानं नाही, पेनाच्या टोकानं. माझं बोट त्याच्या बोटाला लागू नये म्हणून.

"अंगठा लाव, मावशी."

"सही येती की मला. सातवी पास हाय मी."

"सातवी पास!" ट्रॅक्टरच्या शोरूमचा तो मॅनेजर मागं बसलेल्या गिऱ्हाइकांकडं वळला. "ऐकलं का? इंजिनियर बाई आल्यात."

सगळे हसले. त्यात दोघं आमच्या झरी गावचे, ओळखीचे. तेही हसले.

कागदावर लिहिलं होतं : मी अडाणी आहे. कंपनीचं सील मी तोडलं. नुकसान माझ्या चुकीनं झालं. माझी तक्रार नाही.

मी काय केलं असेल? तोंडावर फेकून निघाले? छे! अंगठा पदराला पुसला, शाईत बुडवला आणि रेघ न् रेघ दिसेल असा झकास उमटवला. वर म्हणाले, "थँक्यू, साहेब." थँक्यू! पाच-सहा वर्षं झाली. पन्नाशी ओलांडलेली घोडी, घरात दोन सुना, आणि मान अशी खाली जसं काही पाढा चुकला. ती बाई आज भेटली तर कान उपटीन तिचा.

शेजारी आमचे मालक उभे होते. त्यांना खुर्ची कुणी दिली नाही. नजर कमजोर त्यांची, पण कान असा, की विहिरीवरचं डिझेल इंजिन नुसतं ऐकून सांगायचे, "वाल्व्ह ढिला हाय गं." मग मी पाना घेऊन बसायची. त्यांचा कान, माझे हात. वीस वर्षं त्या इंजिनाला बाहेरचा मिस्त्री लागला नाही.

नवा ट्रॅक्टर मात्र दसऱ्याच्या तोंडावर, ऐन मळणीत थांबला. पाच एकरांचं सोयाबीन कापून रानात ढीग घातलेला. ट्रॅक्टरनं मळणीयंत्र फिरवलं तरच दाणा घरात येणार. समोर लाल दिवा. मी झाकणाचं सील तोडून आत पाहिलं. उंदरानं वायर कुरतडलेली. सोलली, पिळली, चिकटपट्टी गुंडाळली, टोक दातानं तोडलं. तरी दिवा जाईना, आणि दिवा असेतोवर इंजिन चालू होईना. तो दिवा म्हणे कंपनीच्या माणसाच्या लॅपटॉपनंच जातो. फोनवर कळलं, नंबर लागला की येईल. गावातले बाकी ट्रॅक्टर ज्याच्या त्याच्या खळ्यावर. आम्ही वाट बघत बसलो.

कंपनीचा इंजिनियर चौथ्या दिवशी आला. तो नेमका खंडेनवमीचा दिवस, अवजारं पुजायचा. मी विळा पुजला, पाना पुजला, आणि या शहाणीनं, हसा खुशाल, त्याच्या उघड्या लॅपटॉपलाही हळदकुंकू लावलं. वर झेंडूचं फूल. मला वाटलं, ह्याचंही हत्यारच की!

"अक्कल हाय का, म्हातारे?" तो ओरडला. रुमालानं खसाखसा कुंकू पुसलं. मग त्याला तुटलेलं सील दिसलं. "हे कुणी उघडलं?"

"मी!" शाबासकी मिळंल म्हणून केवढ्यानं सांगितलं.

त्यानं लॅपटॉप मिटला. "आधी ऑफिसात येऊन लिहून द्या. तोवर मी हात लावणार नाही."

म्हणून परभणीला जाऊन तो अंगठा. अंगठा घेतल्यावर मॅनेजर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू."

आम्ही घरी पोचलो आणि पाऊस लागला. दोन दिवस. ढिगावर ताडपत्री होती, पण पाणी खालून शिरलं. उघडीप झाल्यावर मी ढिगात हात घातला. ताप आलेल्या लेकराच्या अंगासारखा गरम. शेंगांतून कोंब बाहेर आलेले. मालकांना दिसेना. त्यांनी बोटांनी चाचपलं.

"केवढाले झालेत गं?"

"पेरापेराएवढे."

ते तिथंच खाली बसले.

मग इंजिनियर आला. चहा चुलीवर ठेवला, त्याला उकळी यायच्या आत त्यानं दोन-तीन कळा दाबल्या. दिवा गेला. मालकांनी किल्ली फिरवली, पहिल्या हिसक्यात चालू. मी झाकणात वाकून पाहिलं. वायर तीच. पट्टी माझीच. दातानं तोडलेलं टोकसुद्धा तसंच. त्यानं कशाला हात लावलाच नव्हता. म्हणजे ट्रॅक्टर पहिल्या दिवशीच बरा झाला होता. माझ्या हातानं. ह्यांनी फक्त कुलूप धरून ठेवलं होतं, आणि तेवढ्यात माझं सोयाबीन कुजलं.

त्यानं कागद काढला. 'दुरुस्ती कंपनीने केली. ग्राहक समाधानी.' मागोमाग शाईचं पॅड.

"इथं अंगठा."

मी त्याच्या खिशातलं पेन उपसलं. लिहिलं : 'वायर मी जोडली. कंपनीने फक्त कुलूप काढले.' खाली सही. अख्ख्या नावानिशी.

"हे खोडा."

"न्हाई."

"मग पुन्हा लॉक करावं लागंल. पेरणी तोंडावर हाय, विचार करा."

मी मालकांकडं पाहिलं. त्यांचा हात किल्लीवरच होता. म्हणाले, "तिनं लिवलंय ते खरं हाय, साहेब. करा बंद."

त्यानं केलं. इंजिन घरघरलं आणि मेलं.

ट्रॅक्टर अजून अंगणात उभा आहे. त्यावर कोंबड्या बसतात. त्या वर्षी भावकीतले बैल मागून पेरलं, ते मिळेपर्यंत ओल गेली, निम्मं रान पडीक राहिलं. मॅनेजरचा निरोप दोनदा आला. तेवढं वाक्य खोडा, लगेच चालू करून देतो.

आता गावातलं, आजूबाजूचं कुणी नवा ट्रॅक्टर घ्यायला निघालं, की मी सोबत जाते. त्याच टेबलासमोर, कुणी बस म्हणायच्या आत, खुर्ची ओढून बसते. एकच विचारते, "झाकण उघडायचा हक्क आन् कुलूप काढायची कळ लिहून देता का?" नाही म्हणाला, की गिऱ्हाईक उठवते. पिंगळीची एक बाई उठवली. त्या दिवशी हसलेले झरीचे दोघंही उठवले. त्यांना मुद्दाम विचारलं, "आता का हसत न्हाई?"

वाक्य मी खोडणार नाही. ट्रॅक्टर गंजून त्याची माती झाली तरी नाही. मी गेल्यावर सुनांनीही खोडायचं नाही, हे माझ्या हातानं लिहून ठेवलंय. खाली सही आहे.